नैराश्यावरील औषधाची चिठ्ठी : ओळीओळीने वाचन

प्रास्ताविक

सांगलीहून चेन्नईला पदवीच्या शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. ही विद्यार्थिनी काल्पनिक आहे. पण तिच्यासारखे अनेक जण प्रत्येक महाविद्यालयात असतात. दुसऱ्या सत्रात तिची झोप पहाटे तीनला मोडू लागली. जेवणावरची वासना गेली. आवडीचा विषय समोर असूनही एक पान वाचून होत नव्हते. हे महिनाभर चालल्यावर ती मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी सविस्तर बोलून, तपासून, एक चिठ्ठी लिहून दिली. तिच्यावर चारच ओळी होत्या :

कॅप्सूल फ्लुओक्सेटिन २० मि.ग्रॅ.
१–०–०, नाश्त्यानंतर
१४ दिवस
पुन्हा भेट : दोन आठवड्यांनी

सहाव्या दिवशी तिला वाटले, मळमळ तेवढी सुरू झाली, बाकी काहीच फरक नाही, बंद करावी. तिसऱ्या महिन्यात वाटले, आता मी बरी आहे, बंद करावी. मधल्या काळात खोलीतली मैत्रीण म्हणाली, “अगं, या गोळ्यांची सवय लागते, बंद कर.” तिन्ही वेळा निष्कर्ष एकच होता आणि तिन्ही वेळा तो चुकीचा होता. या पाठात आपण ही चिठ्ठी ओळीओळीने वाचणार आहोत. हे औषध काय करते, त्याला वेळ का लागतो, ते किती काळ घ्यावे आणि कसे थांबवावे, हे त्यातून स्पष्ट होईल. पाठाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा : या औषधात मिलिग्रॅमइतकेच महत्त्व दिवसांना आहे.

हा पाठ औषध समजून घेण्यासाठी आहे, स्वतःचे स्वतः औषध ठरवण्यासाठी नाही.

१. चिठ्ठीच्या आधी : निदान

परीक्षेत नापास झाल्याचे दुःख, घरापासून दूर राहण्याची हुरहुर, जवळचे माणूस गेल्याचा शोक हे आजार नव्हेत. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांपैकी अनेक लक्षणे असणे, शिवाय त्यामुळे रोजचे व्यवहार अडणे, अशा अवस्थेला वैद्यकशास्त्र नैराश्याचा आजार म्हणते.

चाळणी आणि निदान यांतील फरक चेन्नईच्याच एका अभ्यासातून चांगला कळतो. चेन्नईतील २५,४५५ प्रौढांना प्रश्नावली देऊन केलेली एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १५.१ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते आणि कमी उत्पन्न असलेल्या गटात श्रीमंत गटापेक्षा बरेच जास्त होते. याउलट, २०१५–१६ मध्ये ‘निम्हान्स’ या बंगळुरूच्या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, त्या वेळी नैराश्याचा आजार असलेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २.७ टक्के आले. तिथे केवळ प्रश्नावली भरून घेतली नव्हती. निदानाच्या निकषांनुसार मुलाखत घेतली होती. प्रदेश आणि पद्धत दोन्ही वेगळी असल्याने हे आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. पण प्रश्नावली जाळे मोठे टाकते आणि निदान त्यातून निवड करते, एवढे त्यातून दिसते. मोबाइलवर एखादी चाचणी सोडवून आलेले गुण म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरांकडे जाण्याचे कारण मात्र नक्कीच असू शकते.

औषध लिहिण्याआधी डॉक्टर आणखी दोन गोष्टी पाहतात. पहिली, थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय अशा शारीरिक कारणांनी थकवा आणि उदासी आली आहे का. दुसरी, पूर्वी कधी याच्या उलट अवस्था येऊन गेली आहे का, म्हणजे अनेक दिवस झोपेची गरजच न वाटणे, अफाट उत्साह, बेफाम खर्च. तसे असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो, आणि त्यात नैराश्यावरील औषध एकटेच दिल्यास उन्माद उसळू शकतो. म्हणून डॉक्टर हे प्रश्न विचारतात तेव्हा संकोच न करता खरे उत्तर द्यावे.

२. पहिली ओळ : औषधाचे नाव

फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. सर्ट्रॅलिन, एसिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन ही त्याच कुळातील औषधे. या कुळाला एसएसआरआय म्हणतात. ही औषधे सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण निवडकपणे रोखतात. याचा अर्थ समजून घेऊ.

दोन चेतापेशींच्या मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. पहिली पेशी या फटीत सेरोटोनिनसारखे रासायनिक संदेशवाहक सोडते, आणि दुसऱ्या पेशीवरील ग्राही ते टिपतात. काम झाल्यावर पहिली पेशी उरलेले सेरोटोनिन एका वाहक प्रथिनामार्फत परत आत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन या वाहकाला अडवते. त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहते.

या औषधांचा इतिहास सुरू होतो तो मात्र क्षयरोगाच्या वॉर्डात. १९५०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरुग्णांना आयसोनियाझिड आणि त्याचेच भावंड असलेले इप्रोनियाझिड ही नवी औषधे दिली जात होती. इप्रोनियाझिड घेणारे काही रुग्ण अनपेक्षितपणे प्रफुल्लित झाले. १९५७ च्या सुमारास नेथन क्लाइन यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिले. सेरोटोनिनसारखी द्रव्ये मोडणाऱ्या विकराला, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेजला, हे औषध अडवते. पुढे यकृतावरील घातक परिणामांमुळे ते मागे पडले, पण दिशा मिळाली. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रॅमिनचा गुण दिसला.

दुसरा धागा आपल्याकडचा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि ही वनस्पती जगभर पोहोचली. तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे साठे रिकामे करते. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या. एक औषध ही द्रव्ये वाढवते आणि मन उभारी धरते. दुसरे ती घटवते आणि मन खचते. यातून ‘सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ ही सोपी कल्पना रूढ झाली.

आज ही कल्पना अपुरी मानली जाते. नैराश्याच्या रुग्णांमध्ये सेरोटोनिन कमी असते, असा सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याने दाखवले. म्हणजे औषध निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची कमतरता होती, असे आपण म्हणत नाही. औषध उपयोगी पडते की नाही याचे उत्तर चाचण्यांतून मिळते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे प्रौढांमध्ये प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा, सरस ठरली. सरासरी फरक मात्र मध्यमच होता. काहींना खूप गुण येतो, काहींना थोडा, काहींना त्या औषधाने येतच नाही आणि दुसरे द्यावे लागते.

३. दुसरी ओळ : १–०–०, नाश्त्यानंतर

सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. फ्लुओक्सेटिन काहींची झोप उडवते, म्हणून ते सहसा सकाळी देतात. अन्नाचा त्याच्या शोषणावर फारसा परिणाम होत नाही, पण खाल्ल्यावर घेतल्यास मळमळ कमी होते.

दिवसातून एकदाच का? शरीरातील औषधाचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. नियमित घेतल्यावर फ्लुओक्सेटिनचा अर्धायुकाल ४ ते ६ दिवस असतो, आणि यकृतात त्यापासून बनणाऱ्या नॉरफ्लुओक्सेटिन या सक्रिय द्रव्याचा त्याहूनही जास्त. म्हणून रोज एकच कॅप्सूल घेतली तरी रक्तातील पातळी आठवड्यागणिक हळूहळू चढत जाते आणि काही आठवड्यांनी स्थिरावते. याच कारणाने एखादा दिवस चुकला तर घाबरू नये. त्याच दिवशी आठवले तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घेऊ नयेत.

४. तिसरी ओळ : १४ दिवस

या ओळीवरच सर्वांत जास्त गैरसमज होतात. चौदा दिवसांत आजार बरा होणार, असा तिचा अर्थ नाही. चौदा दिवसांनी डॉक्टरांना तुम्हाला पाहायचे आहे, एवढाच तिचा अर्थ.

वाहक प्रथिन काही तासांतच अडवले जाते, मग गुण यायला २ ते ६ आठवडे का लागतात? याचे एक स्पष्टीकरण असे आहे : फटीत सेरोटोनिन वाढताच पहिली पेशी स्वतःच्या ग्राहींद्वारे ते ओळखते आणि आपले उत्पादन आवरते. हे ग्राही बोथट व्हायला आठवडे जातात. शिवाय चेतापेशींमध्ये नवे जोड तयार होणे, वाढीला मदत करणारी प्रथिने वाढणे हे बदलही सावकाशीचे आहेत. संशोधन अजून चालू आहे. पण विलंब होतो हे प्रत्यक्षात वारंवार दिसलेले आहे.

अडचण अशी, की दुष्परिणाम थांबून राहत नाहीत. मळमळ, डोकेदुखी, जुलाब, अस्वस्थता, झोपेत बदल हे पहिल्या दिवसांतच जाणवतात आणि बहुतेकांमध्ये एक-दोन आठवड्यांत ओसरतात. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात रुग्णाच्या पदरी तोटा आधी पडतो आणि लाभ नंतर. आपली विद्यार्थिनी सहाव्या दिवशी नेमकी इथे उभी होती. तिला हे आधी कोणी सांगितले असते, तर तिने मळमळीचा अर्थ ‘औषध चुकले’ असा लावला नसता. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणे हा दुष्परिणाम मात्र टिकू शकतो. लाजेपोटी तो सांगितला जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. तो डॉक्टरांना सांगावा, त्यावर पर्याय असतात.

या वयोगटाने विशेष लक्षात ठेवण्याची एक सूचना आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये मुले आणि किशोरांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ठळक इशारा दिला : उपचाराच्या सुरुवातीला आणि मात्रा बदलताना काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. पंचविशीनंतर अशी वाढ दिसली नाही. या इशाऱ्याचा अर्थ औषध टाळा असा नाही, कारण उपचार न झालेले नैराश्य हाच आत्महत्येचा मोठा धोका आहे. अर्थ असा, की पहिल्या आठवड्यांत रुग्ण एकटा पडता कामा नये. घरचे एखादे माणूस किंवा वसतिगृहातील एक विश्वासू मैत्रीण यांना माहिती असावी. अस्वस्थता एकाएकी वाढली, बसवेनासे झाले, झोप पूर्ण गेली किंवा मरणाचे विचार आले, तर चौदाव्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. चेन्नईत १९८६ पासून ‘स्नेहा’ ही संस्था आत्महत्या प्रतिबंधाचे काम करते.

५. चौथी ओळ : पुन्हा भेट

चेन्नईचा आणखी एक धडा इथे उपयोगी पडतो, आणि तो पुन्हा क्षयरोगाचाच आहे. १९५६ मध्ये मद्रासच्या चेटपेट भागात क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तेव्हा क्षयरुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवून विश्रांती, हवा आणि सकस आहार देणे आवश्यक मानले जाई. केंद्राने काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून आयसोनियाझिड आणि पास ही औषधे वर्षभर दिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाची रीत बदलली : घरी औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले होते.

पण या यशाच्या पोटात एक प्रश्न होता. घरी राहणारा रुग्ण गोळ्या खरेच घेतो का? केंद्राने अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवीत औषधाचा अंश तपासला. खोकला थांबला, वजन वाढले, की गोळ्या चुकू लागतात, ही अडचण तिथे ठळकपणे पुढे आली. समोर बसवून औषध देण्याची पुढे जगभर पसरलेली पद्धत याच शहरातील प्रयोगांतून आकाराला आली.

नैराश्य हा जंतूंचा आजार नाही, त्यामुळे तुलना एका मर्यादेतच घ्यायची. पण मुद्दा तोच आहे : बरे वाटणे आणि बरे होणे यांच्यात काही महिन्यांचे अंतर असते. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या रुग्णाला लक्षणे गेल्यानंतरही साधारण ६ ते ९ महिने त्याच मात्रेत औषध चालू ठेवायला सांगतात. आजार पूर्वी येऊन गेला असेल तर त्याहून अधिक काळ. २०२१ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत, दीर्घकाळ औषध घेत असलेल्या आणि बरे वाटत असलेल्या ४७८ रुग्णांपैकी काहींचे औषध चालू ठेवले, तर काहींचे त्यांना न कळता हळूहळू थांबवले. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना, तर थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना आजार पुन्हा झाला. हे दोन्ही आकडे नीट पाहावेत. औषध संरक्षण देते, पण पूर्ण नाही. आणि थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले. म्हणूनच थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांसोबत, परीक्षा किंवा घर बदलण्याची धांदल नसलेल्या काळात घ्यायचा असतो.

आता मैत्रिणीचा प्रश्न. सवय लागते का? दारूसारखी ओढ लागणे, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवत नेणे, हे या औषधांत होत नाही. पण अनेक आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद केली, तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे ही लक्षणे खरोखर येतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांत ती जास्त. फ्लुओक्सेटिन सावकाश उतरत असल्याने त्यात कमी. उपाय म्हणजे मात्रा पायरीपायरीने कमी करणे. काहींना याला कित्येक महिने लागतात. खरी सवय लागण्याचा धोका क्लोनाझेपामसारख्या शामक गोळ्यांचा आहे. आपल्याकडे एसिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. म्हणून पाकिटावरची घटकद्रव्ये वाचावीत आणि त्यातील शामक भाग किती दिवस घ्यायचा, हे विचारावे.

पुन्हा भेटीत डॉक्टर लक्षणे मोजतात, मात्रा वाढवायची की औषध बदलायचे ते ठरवतात. पहिल्याच औषधाने लक्षणे पूर्ण जाण्याचे भाग्य सुमारे एक तृतीयांश रुग्णांना लाभते. बाकीच्यांसाठी ही भेट म्हणजेच उपचार असतो. मेडिकलच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने तीच गोळी घेत राहणे, हा त्याला पर्याय नाही.

६. चिठ्ठीवर नसलेले : इतर औषधे आणि इतर उपचार

कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना आपण फ्लुओक्सेटिन घेतो हे सांगावे. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, खोकल्याच्या अनेक औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील लिनेझोलिड यांच्याशी मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. तेव्हा कंप, घाम, ताप, स्नायूंचा ताठरपणा, गोंधळ अशी लक्षणे येतात आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन वारंवार घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही त्याचा अंश सुमारे पाच आठवडे राहतो, म्हणून ही काळजी त्या काळातही घ्यायची.

गोळीशिवायही उपचार आहेत, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारी गोव्यातून आला. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील चाचणीत, सामान्य बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रुग्णांपैकी फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांची स्थिती दोन महिन्यांनी प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा चांगली होती. २०१७ मध्ये त्याच चमूने दाखवले, की डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत काही बैठका घेतल्या, तर तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही फायदा होतो. या बैठकांचा भर रुग्णाला अर्थपूर्ण कामांकडे थोडे थोडे परत नेण्यावर होता. सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशनानेच सुरुवात करतात; तीव्र आजारात दोन्ही सोबत दिल्यास अधिक लाभ होतो.

आणि भीती एकच असेल, की ‘कॉलेजला कळले तर?’ तर हे लक्षात ठेवावे : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार सरकारी सेवेतून उपचार मिळणे आणि आपली माहिती गोपनीय राहणे हे दोन्ही रुग्णाचे हक्क आहेत.

सारांश

चिठ्ठीची पहिली ओळ रसायन सांगते, दुसरी रोजचा नेम, तिसरी धीर आणि चौथी सोबत. पहिल्या पंधरवड्यात दुष्परिणाम आधी येतात, गुण नंतर. बरे वाटल्यावर औषध काही महिने चालू राहते. थांबवायचे ते डॉक्टरांसोबत आणि पायरीपायरीने. आपल्या विद्यार्थिनीला सहाव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात हवे होते ते हेच ज्ञान.

स्वाध्याय

१. प्रश्नावलीतील गुण आणि निदान यांतील फरक चेन्नईच्या पाहणीच्या आधारे स्पष्ट करा.
२. वाहक प्रथिन काही तासांत अडवले जात असूनही गुण येण्यास आठवडे का लागतात?
३. ब्रिटनमधील चाचणीतील ३९ आणि ५६ टक्के या आकड्यांवरून ‘औषध आयुष्यभर घ्यावेच लागते’ असा निष्कर्ष काढता येईल का? कारणे द्या.
४. ‘सवय लागणे’ आणि ‘एकदम थांबवल्याने त्रास होणे’ यांतील फरक तुमच्या मित्राला समजेल अशा भाषेत पाच वाक्यांत लिहा.